पत्र्याच्या राज्यात सात दिवस

सांगलीहून निघताना ह्यांनी मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही. दोन, कुणाशी भांडायचं नाही. त्यातली पहिली मी पाळली.

आमचा कपडेपटाचा धंदा. नाटकाला लागणारे अंगरखे, शेले, टोप, दाढ्यामिश्या आम्ही पुरवतो. सासऱ्यांपासून चालत आलेलं काम आहे. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास मुंबईच्या एका तरुण डायरेक्टरचं पत्र आलं, की वसईच्या किल्ल्यात सिनेमा काढतोय, राजाचा आणि राक्षसाचा, त्यात जादूची तलवार आहे, पंखवाला अजगर आहे; तरी कपडेपटासह एक माणूस आठ दिवस पाठवावा. ह्यांची कंबर धरलेली, म्हणून मी गेले. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, "मालूताई, शूटिंग कसं असतं हो? मज्जा असेल ना?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. आधी वाचा, मग मला मज्जा विचारा.

स्टेशन ते भुईगाव

रेल्वेचं काही सांगत नाही. स्वतःच्याच ट्रंकेवर बसून आले, एवढं पुरे.

स्टेशनावर जीप पाठवतो असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. बाहेर येऊन बघते तर जीप नाही, माणूस नाही. तीन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि मी, अशा पाचजणी उन्हात उभ्या. माझं डोकं तिथंच फिरायला लागलं. तेवढ्यात एक टांगेवाला पुढं आला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला पंचा गुंडाळलेला.

"सिनेमावाल्यांच्या का तुमी? मंग माझ्याच टांग्यात बसा. मी पन सिनेमातच हाय."

"तुम्ही काय काम करता सिनेमात?"

"मी नाय, ही." त्यानं घोडीच्या पाठीवर थाप मारली. "राजाची घोडी हाय ती. मी नुसता तिच्याबरोबर."

हा काशीदादा. घोडीचं नाव तांबडी, रंगही तोच. आठ वर्षं टांग्याला जुंपलेली, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना चामड्याची झापडं. आमच्या सांगलीतले टांगेवाले बोलण्याआधी चाबूक उचलतात. ह्या माणसाकडे चाबूकच नव्हता. जीभ टाळूला लावून "ये, ये तांबडे, ये" म्हणायचा, की ती चालायला लागायची. गाव सोडल्यावर एका ठिकाणी रस्त्यात वाळू आली, तसा तो खाली उतरला आणि घोडीच्या मानेवर हात ठेवून चालू लागला.

"तुमच्या ट्रंका लय जड हायेत, ताई," तो म्हणाला. मला उतरा असं काही तो म्हणाला नाही. पण थोड्या वेळानं माझी मलाच लाज वाटली आणि मीही उतरले.

भुईगावच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की टांग्याचं चाक कुंपणाला घासत होतं. दोन्हीकडे केळीच्या बागा, वर माडांची सावली, मध्येच एखादं बावखल, म्हणजे बागेला पाणी द्यायचं लहानसं तळं, त्यात बदकं. वळणावर दगडी क्रूस आणि त्याला झेंडूची माळ! आमच्याकडे मारुतीला घालतात तश्शीच. मी टांगा थांबवायला लावून दोन मिनिटं बघत राहिले.

माझी सोय फिलूबायच्या घरी केली होती. फिलूबाय म्हणजे साठीची ख्रिश्चन बागायतदारीण, लाल चौकडीचं लुगडं नेसणारी. नाताळ होऊन गेला होता, तरी दारात कागदाची चांदणी लटकत होती. घरात ती माणसं आपसांत जे बोलायची त्यातलं मला निम्मंच कळायचं, पण माझ्याशी ती सरळ मराठीत आणि सरळ अगं-तुगं करून बोलायची. पहिल्याच दुपारी तिनं ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी पुढ्यात ठेवली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली मी. तांदळाची भाकरी मला आधी आजाऱ्याच्या पथ्यासारखी वाटली आणि तिसरी मागून घेताना लक्षात आलं की मी खोटं बोलतेय. बोंबील तर तोंडात घातल्यावर राहतच नाही. पाणी तेवढं किंचित मचूळ, त्याची सवय शेवटपर्यंत झाली नाही. संध्याकाळी देवळाची घंटा झाली. ही मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. घंटा झाली तशी घरातली सगळी जिथल्या तिथं उभी राहिली. मीही हातात सुई घेऊन उभी राहिले.

किल्ल्यात

मराठ्यांनी हा किल्ला घेतला, इतकं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. आत इतकी मोकळी जागा असेल, पडक्या देवळांच्या भिंतींवर पिंपळ उगवले असतील आणि पलीकडे लागूनच पाचूबंदरचा कोळीवाडा असेल, हे कुणी शिकवलं नव्हतं.

डायरेक्टर सव्वीस-सत्तावीसचा. काळा चष्मा, गळ्यात रुमाल. माझ्या ट्रंका उघडून त्यानं अंगरखे बघितले आणि नाक मुरडलं.

"हे फार नाटकी आहे, ताई. मला मध्ययुग हवंय. तिकडचं. किल्ले, चिलखतं, धुकं."

"ते आमच्याकडे भाड्यानं मिळत नाही," मी म्हटलं.

चिलखतं त्यानं वालीवच्या एका शेडमध्ये पत्रा ठोकून करून घेतली होती. बाहेरून चंदेरी रंग, आतून तेलाच्या डब्यावरचा छाप तसाच. त्या पत्र्यानं बिचाऱ्या सैनिकांच्या काखा कापायच्या, म्हणून मी दिवसभर चिंध्यांच्या गाद्या शिवत बसले. ऊन चढलं की आतला माणूस शिजायचा. वर ह्या शहाण्यानं माझ्या दोन जरीच्या अंगरख्यांच्या बाह्या हातानं टराटरा फाडल्या, कारण कात्री मी दिली नाही. ते अंगरखे सासऱ्यांच्या हातचे होते. तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. चांगली अर्धा तास हजेरी घेतली मी त्याची. तो चष्मा पुसत "बरं, बरं" म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोळणींना निरोप पाठवला, की काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील काढा, वास येतो. एक कोळीण कमरेवर हात ठेवून थेट कॅमेऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"तुज्या पिच्चरला वास येतो काय रे? नाय ना? मंग पिच्चर काढ आनि जा."

बोंबील होते तिथंच राहिले. मला तर तिची पाठ थोपटावीशी वाटली.

पण काशीदादाला हे सगळं म्हणजे जत्रा होती. स्वतःचं काम नसलं तरी तो दिवसभर हिंडून एकेका वस्तूला हात लावून बघायचा. तलवार लाकडाची. सिंहासन थर्माकोलचं. रक्त म्हणजे कुंकवाचं पाणी. अजगर बांबूचा आणि गोणपाटाचा, त्याचे पंख वर बांधलेल्या तारेनं दोन माणसं ओढायची. लढाईत पन्नास माणसं मरून पडायची आणि डायरेक्टर "कट" म्हणाला की ते पन्नासही मेलेले उठून चहाच्या किटलीकडे पळायचे. काशीदादा हसून हसून खाली बसायचा.

"समदं खोटं हाय, ताई! एक पन वस्तू खरी नाय!" तो मला येऊन सांगायचा. त्याला ह्याचा केवढा आनंद!

तिसऱ्या दिवशी तांबडीचं काम निघालं. डायरेक्टर म्हणाला, राजाच्या घोडीला झापडं कसली, काढा ती. काशीदादानं हात जोडले.

"सायब, आठ वर्सं झापडं बांधून चालते ती. तिला समोरचा रस्ताच ठावं. बाजूचं दिसलं तर घाबरंल."

"टांग्याची घोडी नाहीये ती आता. राजाची आहे."

झापडं काढली. तांबडीनं डावीकडे बघितलं, तर वीस पत्र्याची माणसं. उजवीकडे बघितलं, तर अजगर. ती दोन पायांवर उभी राहिली आणि वरचे राजेसाहेब चिलखतासकट धाडकन जमिनीवर. त्या पत्र्यात त्यांना उठताही येईना, चौघांनी मिळून उचलावं लागलं. मी पदर तोंडात धरून हसले, खोटं कशाला सांगू. काशीदादा लांब जाऊन उभा राहिला आणि "ये तांबडे, ये, ये" असं म्हणाला. ती बाजूचं काही न बघता सरळ त्याच्याकडे गेली आणि त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून थरथरत उभी राहिली.

हे फाइट मास्टरनं बघून ठेवलं. मारामाऱ्या बसवणारा तो माणूस, जाडजूड, कमी बोलणारा. त्यानं डायरेक्टरच्या कानात काहीतरी सांगितलं.

भुईगाव, फिलूबायची ओसरी

चौथ्या दिवशी मला झुलीचं काम आलं. राजाच्या घोडीला झूल हवी, छातीवरून पुढं गुडघ्यांच्याही खालपर्यंत लोंबणारी आणि आतल्या बाजूनं जाड कापड लावून चार लोखंडी कड्या शिवलेली. कड्या कशाला, असं मी विचारलं. फाइट मास्टर म्हणाला, दोऱ्या ओवायला, झूल हलू नये म्हणून. मला पटलं. आमच्या जुन्या दर्शनी पडद्याचं लाल मखमल ट्रंकेत होतं, ते काढलं. दीड दिवस फिलूबायच्या ओसरीवर मशीन चालवलं. कड्या तर दुहेरी दोऱ्यानं अशा शिवल्या की बैल ओढला तरी निघू नयेत. काशीदादा घोडीला घेऊन माप द्यायला आला, तेव्हा फिलूबायनं तिला केळीची सालं खायला घातली.

"माझ्या लग्नात मला येवढा भारी कपडा नव्हता," काशीदादा म्हणाला आणि झुलीवरून हात फिरवत बसला. गावातल्या सगळ्यांना त्यानं शॉट बघायला बोलावून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी झूल घेऊन किल्ल्यात गेले. फाइट मास्टर चहा पीत बसला होता. त्यानं कड्या ओढून बघितल्या आणि खूश होऊन म्हणाला, "पक्क्या आहेत. उद्या काम करतील."

"कसलं काम?"

त्यानं बशीतला चहा संपवत मला समजावून सांगितलं, भाजीची कृती सांगावी तसं. घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांना बारीक तार बांधायची. ती तार झुलीखालच्या कड्यांतून मागे न्यायची आणि मागे जमिनीत पुरलेल्या खुंटाला बांधायची. घोडी जोरात धावेल, तार संपेल, पाय मागे खेचले जातील आणि घोडी तोंडावर आपटेल. झुलीमुळे तार दिसणार नाही. राजाच्या कपड्यात तो स्वतः बसणार आणि बरोबर वेळेला बाजूला उडी मारणार. तो पडेल तिथं पेंढा अंथरून ठेवला आहे.

"आणि घोडी पडेल तिथं?"

"तिथं पेंढा टाकला तर दिसेल ना कॅमेऱ्यात."

"पाय मोडले तिचे तर?"

"मोडतात कधी कधी," तो म्हणाला आणि कप विसळायला गेला.

मी ती झूल तिथल्या तिथं उचलून छातीशी धरली आणि डायरेक्टरला गाठलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, अरे मेल्या, तुझा अजगर गोणपाटाचा, तुझा राजा डब्याच्या पत्र्याचा, तुझं रक्त कुंकवाचं, मग ह्या मुक्या जनावराच्या हाडांवरच तुझा खरेपणा येऊन बसला का? तो शांतपणे म्हणाला, "ताई, अख्ख्या पिक्चरमध्ये हा एकच शॉट लोकांच्या लक्षात राहणार आहे. आणि टांगेवाल्यानं कागदावर अंगठा दिलाय. त्याचं जनावर आहे, त्याची तक्रार नाही. तुम्ही कपडे बघा."

घरी येऊन फिलूबायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "त्याला जाऊन सांग. तो ऐकायचा नाय, पण तू सांग."

काशीदादा बावखलावर तांबडीला धूत होता. मी सगळं सांगितलं, तार, कड्या, खुंट. तो ऐकत राहिला आणि मग मोठ्यानं हसला.

"ताई, तुमी इतके दिस तिथं बसून काय बघितलं? तार तर अजगराला पन बांधलेली हाय. उडतो काय तो खराखुरा?"

"काशीदादा, हे तसलं नाही. ही खरी पडणार."

"पन्नास मानसं रोज पडतात. सगली उठून चाय पितात. सिनेमात कोन मरत नाय, ताई. मास्टर बोलले मना, तारेनं ती अलगद बसंल."

"मास्टर खोटं बोलतोय!"

"तेच सांगतो मी. तिथं समदंच खोटं." आणि तो पुन्हा हसला.

मी हात जोडले, शपथ घातली, डोळ्यांत पाणी आलं. त्यालाच माझी दया आली. म्हणाला, "तुमी नाटकवाल्या ना. नाटकात मानूस समोर असतो, म्हनून तुमाला खरं वाटतं." ज्या माणसानं चाबूक कधी हातात धरला नाही, त्याला घोडी पाडायची कुणाला सुचेल हेच खरं वाटत नव्हतं.

किल्ल्यात, सहावा दिवस

आमच्या धंद्यात एक नियम आहे. पडदा वर जायच्या वेळी कपडा अडवायचा नाही, काहीही झालं तरी. सासरे म्हणायचे, पात्राला उघडं पाडलंस तर त्या दिवसापासून ट्रंका विकून टाक. तीस वर्षं मी तो नियम पाळला. त्या सकाळी मी चारही कड्या उसवून टाकल्या, झूल घडी करून ट्रंकेत घातली, कुलूप लावलं आणि ट्रंकेवर बसले.

डायरेक्टर ओरडला, मग त्यानं विनवण्या केल्या, मग पुन्हा ओरडला. मी जागची हलले नाही. ऊन चढत होतं. शेजारच्या गावांतून माणसं येऊन भिंतींवर बसली होती, बायका, म्हातारे, काशीदादाचे सगेसोयरे. शेवटी काशीदादाच माझ्याजवळ आला. चेहरा उतरलेला.

"ताई, माझं काय चुकलं काय? समदी बघाय आलेत. माझ्या घोडीला तेवढी झूल द्या."

"दादा, मी तुम्हाला काल सांगितलं ना..."

"सांगितलं. पन द्या."

त्याच्या सगळ्या गावासमोर त्यानं माझ्यापुढे हात पसरले होते. मी त्याच्याकडे बघितलं आणि उठले. हे लिहायला हात जड होतो, पण लिहिते. कुलूप मीच काढलं.

कड्या नसल्यानं फाइट मास्टरनं घोडीच्या खोगिराच्या पट्ट्यालाच वायरचे फासे करून घेतले, दहा मिनिटांचं काम. तांबडी परक्याला पायाला हात लावू देईना. तेव्हा काशीदादा खाली बसला, तिचा एकेक पाय उचलून मांडीवर घेतला आणि मास्टरनं तार बांधली. वरून लाल मखमल पडलं. बघणारी माणसं वा वा म्हणाली.

झापडं नाहीत, मग ती धावणार कशी? तेही मास्टरनं तिसऱ्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. काशीदादाला त्यांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्याच्या बाजूला उभं केलं. मी तरी मध्ये जाऊन उभी राहिले. दोघांनी दंडाला धरून मला बाजूला काढलं. लांबून काशीदादाच ओरडला, "ताई, बाजूला व्हा की, आमचा शॉट हाय!"

डायरेक्टरनं हात खाली केला. काशीदादानं हाक मारली, "ये तांबडे, ये, ये!"

आणि ती धावली. बाजूला पत्र्याची माणसं, धूर, आरडाओरडा, कशाकडेही न बघता ती त्याच्या तोंडाकडे बघून सुसाट धावली. आठ वर्षं टांगा ओढणारी घोडी इतकी सुंदर धावते हे कुणाला माहीतच नव्हतं. मग तार संपली.

तो आवाज मी सांगणार नाही. मास्टर पेंढ्यावर पडून झटकन उठला. "ओके! कट!" डायरेक्टरनं टाळ्या वाजवल्या, भिंतीवरच्या माणसांनीही वाजवल्या. मेलेले सैनिक उठले आणि किटलीकडे निघाले. काशीदादा हसत हसत तांबडीजवळ आला आणि वाकला.

"ऊठ तांबडे. झाला शॉट. ऊठ."

तिनं मान उचलली. पुढचे पाय उचलले नाहीत.

"ऊठ गं," तो पुन्हा म्हणाला. मग झूल बाजूला केली आणि तिथंच बसला.

गुरांचा डॉक्टर आला, त्यानं बघितलं आणि मान हलवली. पुढचं सगळं दुपारपर्यंत आटोपलं. मी काय केलं ते सांगते. मी राजाच्या अंगावरचा शेला ओढला, राणीचा शालू सोडायला लावला, प्रधानाची दाढी उपटली, सैनिकांच्या काखेतल्या गाद्यासुद्धा काढून घेतल्या. "ताई, अजून दोन दिवस शूटिंग आहे," डायरेक्टर म्हणाला. मी म्हटलं, "नागडे नाचा." झूल तेवढी मी आणली नाही. ती तांबडीबरोबर गेली.

परत

सातव्या दिवशी सकाळी फिलूबायनं माझ्या पिशवीत सुकेळी घातली, म्हणजे तिथली पिवळीजर्द वाळवलेली केळी, आणि एसटीपर्यंत पोचवायला स्वतः आली. ट्रंका टपावर चढत होत्या, तेव्हा काशीदादा आला. चालत. मला वाटलं हा आता मला बोलेल, दोन शिव्या देईल, दिल्या तर बरंच होईल. तो एसटीच्या दाराशी उभा राहिला.

"ताई, पिच्चर तुमच्या गावाला पन लागंल काय?"

"लागेल बहुतेक."

"डायरेक्टर सायब बोलले, लढाईनंतर राजा पुना घोडीवर बसतो नि जातो. म्हंजे पिच्चरमधी ती उठत असंल ना? तेवढं बघून मना कळवा. आमच्या इथं लागला तर मी नाय बघायचा."

मी मान हलवली. एसटी सुटली.

सिनेमा सव्वा वर्षानं सांगलीत आला, तंबूत, चार दिवसांपुरता. मी गेले. पत्रा पत्र्यासारखाच दिसत होता, अजगराची तार स्पष्ट दिसत होती, लोक खो खो हसत होते. मग तांबडी धावत आली. सगळा तंबू गप्प झाला. ती पडली आणि टाळ्या, शिट्ट्या, लोकांनी टोप्या उडवल्या. मी उभी राहून ओरडले, "अरे, टाळ्या कसल्या वाजवता! ती खरी पडलीय!" मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, खाली बसा, दिसत नाही." लढाईनंतर राजा घोड्यावर बसून जातो हे खरं आहे. घोडा पांढरा आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. काही चुकून राहिलं असेल, मधल्या एखाद्या तुकड्यात तिनं पाय हलवला असेल, म्हणून डोळे फाडून बघितलं. ह्यांनी विचारलं, कशाला स्वतःला त्रास करून घेतेस, खोटंच लिही ना चार ओळी, त्या माणसाला बरं वाटेल. मी ह्यांच्याशीही भांडले. त्या माणसाशी सगळे खोटं बोलले होते. तसलं आणखी एक खोटं माझ्या हातून जाणार नव्हतं.

फिलूबायच्या पत्त्यावर कार्ड टाकलं, तिनं वाचून दाखवावं म्हणून. बाकी खुशाली वगैरे काही सुचली नाही.

"काशीदादांस नमस्कार. सिनेमा दोनदा पाहिला. ती उठत नाही. कुलूप मी काढायला नको होतं. मालू."